सूखूचा अर्ज

१८८४ साली त्रिनिदादच्या ब्रिटिश सरकारने एकाच वर्षात दोन सणांवर हात टाकला. फेब्रुवारीत आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या कॅनबुलेवर आणि ऑक्टोबरात भारतीय मजुरांच्या मोहरमवर. दोन्ही वेळा कारण तेच दिलं, सार्वजनिक शांतता. दोन्ही वेळा पोलीस खात्याचा प्रमुखही तोच होता, कॅप्टन आर्थर बेकर. त्यातला एक सण पुढे त्या देशाची जगभरातली ओळख झाला. दुसरा तिथल्या इतिहासाच्या पुस्तकांबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही.

मराठी वाचकाची त्रिनिदादशी ओळख आहे ती क्रिकेटमुळे. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं. सुनील गावसकर त्याच सामन्यात पहिली कसोटी खेळले आणि मालिकेच्या शेवटच्या सामन्यात, त्याच मैदानावर, १२४ आणि २२० करून परतले. लॉर्ड रिलेटर या गायकाने त्यांच्यावर रचलेला कॅलिप्सो आपल्याकडेही पुष्कळांनी ऐकला आहे. हा कॅलिप्सो गाण्याचा प्रकार ज्या कार्निव्हलच्या अंगणात वाढला, ते अंगण मोकळं राहावं म्हणून नव्वद वर्षांपूर्वी त्याच शहरात डोकी फुटली होती. आणि क्रिकेटच्या ओव्हल मैदानापासून फार लांब नाही असा सेंट जेम्स नावाचा भाग आहे. तिथल्या रस्त्यांना कलकत्ता, लखनौ, दिल्ली, पाटणा, मद्रास, बॉम्बे अशी नावं आहेत. तिथे आजही दरवर्षी ताबूत निघतात. तिकडे त्या सणाला ‘होसे’ म्हणतात. मिरवणुकीत ‘हसन! हुसेन!’ असा पुकारा होई, तो परक्या कानांनी जसा ऐकला तसं ते नाव पडलं.

बेटाची मूळ हकीकत थोडक्यात सांगायची तर अशी. त्रिनिदाद स्पेनचं होतं, पण तिथे वस्ती फार कमी. म्हणून १७८३ मध्ये स्पेनच्या राजाने एक फर्मान काढलं की कॅथलिक धर्माचा कुणीही जमीनदार आपले गुलाम घेऊन आला तर त्याला जमीन मिळेल. मार्टिनिक, ग्रेनाडा, ग्वादलूप इथून फ्रेंच आले, त्यांच्याबरोबर हजारो आफ्रिकी गुलाम आले. १७९७ मध्ये ब्रिटिशांनी बेट घेतलं. म्हणजे कायदा काही काळ स्पॅनिश, रस्त्यावरची बोली फ्रेंच वळणाची, आणि वरचा साहेब इंग्रज. या फ्रेंच मळेवाल्यांनी कार्निव्हल आणला. उपासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आधी मुखवटे घालून नाच, मेजवान्या, एकमेकांच्या वाड्यावर जाणं. गुलामांना त्यात स्थान होतं ते पंखा हलवायचं आणि ताटं उचलायचं.

गुलामी कायद्याने १८३४ च्या १ ऑगस्टला संपली आणि खऱ्या अर्थाने १८३८ ला. मग रस्ता या लोकांचा झाला. गुलामीच्या काळात एखाद्या मळ्यातल्या उसाला आग लागली की शिंगं फुंकून, मशाली पेटवून, चाबकाच्या फटक्यांखाली आसपासच्या मळ्यांतले गुलाम तिथे हाकलत नेत आणि जळका ऊस तोडून घेत. त्या जळक्या उसाच्या फ्रेंच नावावरून कॅनबुले. मोकळे झालेले लोक आता तोच प्रसंग स्वतःच्या मर्जीने रस्त्यावर उभा करू लागले. मशाली त्यांच्या हातात, ढोल त्यांचे, काठ्या त्यांच्या. सुरुवातीला हे १ ऑगस्टच्या आसपास होई. पुढे ते कार्निव्हलच्या रविवारी मध्यरात्रीला येऊन चिकटलं. मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या टोळ्या, त्यांचे लाठी खेळणारे पठ्ठे, पठ्ठ्यांना चढवणारी गाणी, आणि दोन टोळ्या समोरासमोर आल्या की जुंपलीच.

सभ्य लोकांना हे बघवत नव्हतं. वर्तमानपत्रांत दरवर्षी तक्रारी येत. कॅप्टन बेकरने १८८० च्या कार्निव्हलला मशाली, ढोल, काठ्या जमा करायला लावल्या आणि ते निमूटपणे पार पडलं. पुढच्या वर्षी टोळ्या सावध होत्या. एरवी एकमेकांची डोकी फोडणारे १८८१ च्या फेब्रुवारीत एक झाले आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यात बेकरच्या पोलिसांशी भिडले. रस्त्यावरचे दिवे फुटले, पुष्कळ पोलीस जखमी झाले. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर सर सॅनफर्ड फ्रीलिंग स्वतः बाजारात जमलेल्या लोकांपुढे गेले, तुमचा सण बंद करायचा सरकारचा विचार नाही असं त्यांनी सांगितलं, आणि उरलेल्या कार्निव्हलमध्ये पोलिसांना बराकीत ठेवलं. बेकरच्या तोंडावर यापेक्षा मोठी चपराक बसणं शक्य नव्हतं. लंडनहून हॅमिल्टन नावाचे अधिकारी चौकशीला आले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. रस्त्यावर लढणारे गरीब होते, पण त्यांच्या मागे शहर होतं. इंग्रज अधिकाऱ्यांवर आधीच खार खाऊन असलेले फ्रेंच वंशाचे प्रतिष्ठित लोक होते, शिकलेले काळे आणि मिश्रवर्णी वकील-शिक्षक होते, त्यांची वर्तमानपत्रं होती. कार्निव्हल त्यांना आवडत असो वा नसो, ते आपलं आहे आणि त्यात या उपऱ्या कप्तानाने नाक खुपसू नये, यावर त्यांचं बऱ्यापैकी एकमत होतं.

तरीही १८८४ साली कायदा आलाच. मशाली, ढोल आणि दहा किंवा त्याहून जास्त माणसांच्या काठ्या घेतलेल्या टोळ्या यांच्यावर बंदी घालायचा अधिकार सरकारने घेतला. त्या फेब्रुवारीत राजधानी शांत राहिली. दक्षिणेत मात्र झटापटी झाल्या आणि प्रिन्सेस टाउनला पोलिसांनी गोळी झाडली. मध्यरात्रीचं कॅनबुले संपलं, कार्निव्हलची सुरुवात सोमवारच्या पहाटेवर ढकलली गेली. ढोल गेले म्हणून लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे, कचऱ्याच्या टोपल्यांची झाकणं आणि अखेर तेलाची रिकामी पिंपं आली. त्या पिंपांतून निघालेलं स्टीलपॅन १९९२ मध्ये देशाचं राष्ट्रीय वाद्य ठरलं. बंदीला असा नातू झालेला मी तरी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

आता ऊसमळ्यांकडे वळू. कारण या लेखाचा नायक तिथे आहे.

गुलाम मोकळे झाल्यावर मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय या बेटावर करारमजूर म्हणून उतरले. मराठी गिरमिटिये गेले ते मुख्यतः मॉरिशसला. त्रिनिदादला आलेले बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले भोजपुरी बोलणारे होते, काही मद्रासकडचे. पाच वर्षांचा करार, मळ्यावरच्या बराकीत राहायचं, दिवसाचं नेमलेलं काम पुरं झालं तर मजुरी, आणि मळ्याबाहेर पडायचं तर हातात पास हवा. पास नसला की तुरुंग. कामावर न जाणं हा दिवाणी कज्जा नव्हता, गुन्हा होता.

या माणसांत हिंदू फार, मुसलमान थोडे, आणि त्या मुसलमानांत शिया तर अगदी मोजके. तरीही सगळ्यांचा मिळून सर्वांत मोठा सण झाला तो मोहरम. हे आज विचित्र वाटतं. त्या काळी गावाकडून आलेल्या माणसाला वाटलं नसतं. अवध-बिहारच्या खेड्यांत ताजियाला नवस बोलणारे, त्याला खांदा देणारे हिंदू घरोघर होते. बेटावर आणखी एक कारण जोडलं गेलं. होळी-दिवाळी आपापल्या अंगणात करता येते. मोहरमचा ताजिया रस्त्यावरून न्यावा लागतो, समुद्रापर्यंत. मळ्याच्या कुंपणात वर्षभर कोंडलेल्या माणसाला दिवसाढवळ्या, हजारोंच्या सोबतीने, पास न दाखवता शहराच्या मधून चालायची मुभा देणारा हाच एक सण होता.

मळ्यामळ्यावर महिनाभर आधी बांबू आणि रंगीत कागद आणले जात. मजुरीतून वर्गणी निघे. कुणाचा ताजिया उंच, कुणाचा नक्षीदार, कुणाचा आधी जाणार, यावरून मळ्यामळ्यांत चुरस असे आणि कधी त्यातून मारामाऱ्याही होत. हे लपवण्यात अर्थ नाही, काठ्या तिथेही होत्या. ताशे घुमत. हा ताशा आपलाच, गळ्यात अडकवून दोन काड्यांनी वाजवायचा. आणि तो वाजवणाऱ्यांत, ताजियाला हात लावणाऱ्यांत आफ्रिकी वंशाची माणसंही असत. ती आली ती ढोलाच्या ओढीने, शेजारधर्माने, थोडी फुकटच्या रमसाठीही. सॅन फर्नांडो या दक्षिणेकडच्या गावात आसपासच्या डझनावारी मळ्यांचे ताजिये एकत्र येत आणि तिथून समुद्रात जात. अधिकारी आणि मळेवाले याला हेटाळणीने ‘कुली कार्निव्हल’ म्हणत. मला वाटतं, नेमकं त्या हेटाळणीतच त्यांनी खरं सांगून टाकलं होतं. दोन्ही सणांत त्यांना एकच वस्तू दिसत होती: ज्यांनी शेतात असायला हवं ती माणसं रस्त्यावर.

१८८४ हे साल साखरेला वाईट गेलं. युरोपातली सरकारं आपल्या बीटसाखरेला अनुदान देत होती, लंडनच्या बाजारात भाव कोसळला. मळेवाल्यांनी तोटा मजुरांवर उतरवला. मजुरी तीच, पण दिवसाचं काम वाढवलं. मळ्यांवर संप वाढले. बेटावर तोवर भारतीय जवळजवळ एक-तृतीयांश झाले होते. साहेबाच्या मनात १८५७ अजून ताजं होतं, आणि हातात काठ्या घेतलेल्या हजारो हिंदुस्थानी माणसांची मिरवणूक त्याला धार्मिक वाटेनाशी झाली. जुलैच्या अखेरीस नियम प्रसिद्ध झाले. ताजिये मळ्याच्या हद्दीतच फिरवायचे, सार्वजनिक रस्त्यावर आणायचे नाहीत, पोर्ट ऑफ स्पेन आणि सॅन फर्नांडोत तर पाऊल ठेवायचं नाही.

यावर एक अर्ज गेला. अर्जदार फिलिपिन नावाच्या मळ्यावरचा सूखू आणि त्याच्याबरोबरचे आणखी ३१ जण. सूखू हिंदू होता. हा आमचा सण आहे, आम्ही तो वर्षानुवर्षं करत आलो आहोत, वाट बंद करू नका, असा त्याच्या मागणीचा गाभा. सरकारने अर्ज फेटाळला.

सरकारी बाजू अशी होती: मोहरम हा मुसलमानांचा, त्यातही शियांचा शोक. मिरवणुकीत बहुसंख्य हिंदू. हिंदूंचा या सणाशी धर्माने काही संबंध नाही. म्हणजे ही मिरवणूक धार्मिक नाहीच, आणि ती थांबवली तर राणीने दिलेल्या धर्मस्वातंत्र्याला कुठे धक्का लागतो? ढोल आणि दारू न खपणारे काही कर्मठ मुसलमानही होतेच, त्यांचं मत सरकारला आयतं सापडलं. युक्तिवाद कागदावर चोख आहे. पण त्याचा अर्थ बघा. ज्या सणात फक्त एकाच धर्माची माणसं आहेत त्याला संरक्षण, आणि ज्यात सगळे शिरले तो दंगा. सूखूने त्या वर्षी जे मागितलं ते सरकारच्या फॉर्मवर कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

मळ्यांवर काय चाललं असेल याची कल्पना करता येते. नियम सांगितले गेले, भिंतींवर लागले, मॅनेजरांनी बजावले. बहुतेकांनी ते मानलेच नाहीत. सरकार असं करील यावर त्यांचा विश्वास बसला नसावा. ताजिये बांधून तयार होते आणि तयार ताजिया घरात ठेवायचा नसतो.

१८८४ ची मोहरमची दहावी तारीख ३० ऑक्टोबरला आली, वार गुरुवार. गव्हर्नर जागेवर नव्हते, कारभार जॉन बुश नावाचे वरिष्ठ अधिकारी बघत होते. सॅन फर्नांडोत पोलिसांखेरीज ब्रिटिश पलटणीचे शिपाई आणि आरमाराचे लोक आणून ठेवले होते. कॅप्टन बेकर हजर होता. तीन वर्षांपूर्वी पोर्ट ऑफ स्पेनच्या बाजारात गव्हर्नरने त्याला मागे घेतलं होतं, या वेळी मागे घेणारं कुणी नव्हतं. गावात शिरणाऱ्या वाटांवर बंदुका उभ्या होत्या.

दुपारी मिरवणुका आल्या. सिपेरो स्ट्रीटच्या तोंडाशी दंडाधिकारी आर्थर चाइल्ड यांनी दंगाकायदा वाचून दाखवला. तो इंग्रजीत होता. समोर भोजपुरी बोलणारी गर्दी, तिच्यात ताशे चाललेले, मागचे पुढच्यांना रेटत असलेले. त्या गोंगाटात किती जणांनी तो ऐकला असेल आणि ऐकलेल्यांपैकी किती जणांना कळला असेल, हे ज्याचं त्याने ठरवावं. ताजिया पुढे येत राहिला. गोळीबाराचा हुकूम झाला. पूर्वेकडच्या मॉन रेपो इथेही तेच घडलं.

मृतांच्या आकड्यावर मतभेद आहेत. सोळापासून बावीसपर्यंत आकडे दिले जातात. जखमी शंभराहून जास्त. पळणारी माणसं उसात शिरली, तेव्हा मोजणी पुरी होणं कठीणच होतं. मेलेल्यांत मुसलमान होते आणि हिंदूही होते. सरकारला जो संबंध अर्जात दिसला नाही तो इथे दिसायला हरकत नव्हती. आणखी एक बारकावा: त्रिनिदादच्या पोलिसांत शेजारच्या बार्बेडोसहून भरती केलेले काळे शिपाई पुष्कळ होते. गोळी चालवणारा आणि खाणारा दोघेही पोटासाठी दुसऱ्या बेटावर, दुसऱ्या खंडावर आलेले.

चौकशी झाली. ती करायला जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन यांना नेमलं. हे गृहस्थ मूळचे हिंदुस्थानातल्या फौजेचे. १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात होते, पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलातही बसले. हिंदुस्थानी माणूस त्यांना कळतो असं लंडनला वाटलं. १८८५ च्या सुरुवातीला त्यांचा अहवाल आला आणि त्याने अधिकाऱ्यांना दोषमुक्त केलं. मजूर अलीकडे शिरजोर झाले होते, त्यांना आपल्या संख्येचं बळ जाणवू लागलं होतं, हा त्यातला सूर. १८८१ च्या दंग्यात गव्हर्नर जमावापुढे जाऊन बोलले होते. १८८४ च्या मजुरांपुढे त्यांची समजूत घालायला कुणी गेलं नाही.

हा फरक का पडला, याचं उत्तर मला दोन्ही सणांच्या स्वरूपात सापडत नाही. काठ्या दोन्हीकडे होत्या, मारामाऱ्या दोन्हीकडे होत्या, दारू दोन्हीकडे होती. फरक होता तो वर्तमानपत्राचा आणि वकिलाचा. कॅनबुलेवाल्यांच्या बाजूने शहरात लिहिणारं, बोलणारं, लंडनला पत्र पाठवणारं कुणीतरी होतं. सूखूच्या बाजूने सूखू आणि आणखी ३१ जण होते. शहरातल्या शिकलेल्या काळ्या वर्गालाही हे ‘कुली’ आपली मजुरी पाडणारे उपरे वाटत. ताशा वाजवणारा काळा गडी आणि अग्रलेख लिहिणारा काळा संपादक हे एकाच रस्त्यावर राहत नव्हते.

याच सुमाराला मुंबई-पुण्यात काय चाललं होतं ते आपण विसरलो आहोत. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचा सर्वांत मोठा रस्त्यावरचा उत्सव मोहरमच होता. मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या टोळ्या निघत, त्यांत हिंदू असत, ताबूत बसवणारीही हिंदू घरं होती. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत मोठी दंगल झाली. त्यानंतर पुण्यात गणपतीला सार्वजनिक रूप आलं आणि १८९४ पासून पुष्कळ हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवली. गणपतीच्या मेळ्यांत आणि मिरवणुकीत मोहरमच्या रीतीभाती कितीतरी उतरल्या, हे अभ्यासकांनी दाखवलेलंच आहे. पुढे १९११ च्या मोहरममध्ये मुंबईत गोळीबार झाला आणि त्यानंतर पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांनी असे नियम घातले की शहरातल्या त्या जुन्या धामधुमीचा निकालच लागला. तिथेही काम झालं ते परवाना, हद्द आणि वेळ या तीन कागदी हत्यारांनी. त्रिनिदादला हे सत्तावीस वर्षं आधी झालं आणि तिथे ते कागदावर थांबलं नाही, एवढंच.

नंतरचा काळ झपाट्याने सांगता येतो. सॅन फर्नांडोचा होसे मोडला तो मोडलाच. मळ्यांच्या हद्दीत काही वर्षं धुगधुगी राहिली. उत्तरेला सेंट जेम्समध्ये आणि नैर्ऋत्येच्या टोकाला सेड्रोसला मात्र परंपरा टिकली, काही थोड्या घराण्यांनी ती पिढ्यानपिढ्या चालवली. सेंट जेम्सला आज पहिल्या रात्री निशाणं निघतात, दुसऱ्या रात्री छोटे ताजिये, तिसऱ्या रात्री मोठे. हसन आणि हुसेन यांच्या नावाचे एक हिरवा आणि एक लाल असे दोन प्रचंड चंद्र माणसं खांद्यावर घेऊन नाचवतात, आणि मग ताजिये समुद्राला जातात. ताशेवाल्यांत आफ्रिकी, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे. परदेशातून आलेले धर्मप्रचारक आणि गावातले कर्मठ अजूनही अधूनमधून म्हणतात की हा शोक आहे, तमाशा करू नका. त्यांचं धर्मशास्त्र बरोबर असेल. पण १८८४ साली सरकारनेही हेच म्हटलं होतं, हे त्यांनी एकदा वाचून बघावं.

१९६२ च्या ३१ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला आणि सुट्ट्यांची यादी बदलू लागली. १९६६ पासून दिवाळी आणि ईदला सुट्टी. १९८५ मध्ये कोलंबसाच्या नावाची सुट्टी काढून १ ऑगस्टला गुलामीमुक्तीची सुट्टी आली. आफ्रिकी वळणाने प्रार्थना करणाऱ्या ‘शाउटर’ बाप्टिस्टांवर १९१७ पासून कायद्याने बंदी होती. ती १९५१ मध्ये ३० मार्चला उठली, आणि १९९६ पासून त्या दिवशीही सुट्टी असते. फतेल रझाक लागल्याचा ३० मे १९९५ मध्ये सुट्टीचा दिवस झाला. प्रत्येकाला एक दिवस, अशी वाटणी. ती करण्यात काही गैर नाही, उलट पुष्कळ देशांना एवढंही जमलेलं नाही. कार्निव्हलच्या सोमवार-मंगळवारला कायद्याने सुट्टी नाही, तरी त्या दोन दिवशी देश बंद असतो. कॅनबुलेचा दंगा दरवर्षी कार्निव्हलच्या शुक्रवारी पहाटे पोर्ट ऑफ स्पेनच्या चौकात नाटक करून दाखवतात आणि लोक अंधारात उठून बघायला जातात.

होसेला सुट्टी नाही. कुणाच्या नावाने देणार, हा प्रश्न तिथे अजून उभा आहे. यादीतली सणांची प्रत्येक सुट्टी एका समाजाची आहे. होसे एका समाजाचा कधीच नव्हता, आणि सूखूच्या अर्जाला नकार मिळाला तो याच मुद्द्यावर. अनेक जातीधर्मांचा देश म्हणून त्रिनिदादची वाखाणणी करणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यायला हवा: त्या बेटावर खरोखर मिसळून झालेला सण बंदुकीने हटवला गेला आणि वाटून दिलेले सण सरकारी कॅलेंडरात बसले.

आपल्याकडे कडेगावला उंच ताबुतांच्या भेटी होतात, सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडच्या कितीतरी गावांत पंजे आणि डोले निघतात, आणि त्यांचे मान कुठे पाटलाकडे, कुठे माळ्याकडे, कुठे सुताराकडे आहेत. हे मान बहुतेक ठिकाणी तोंडीच चालत आले आहेत. तुमच्या गावात असा ताबूत बसत असेल, किंवा आजोबांच्या वेळी बसत असेल, तर कोणत्या घराकडे कसला मान होता, खांदा कोण द्यायचं, वाजवायला कोण असायचं, आणि बंद पडला असेल तर कुठल्या साली आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा आणि लिहून ठेवा.